उताराचा प्लॉट आणि आईच्या अटी

रविवार, १२ जानेवारी २०२५
आजपासून रोजनिशी. घर बांधणारी माणसं काही लिहून ठेवत नाहीत आणि मग फसतात. मी फसणार नाही.

प्लॉट घेतला! बुलढाण्याच्या कडेला, घाटाकडे जमीन जिथून खाली सुटते तिथे. सगळं जग सपाट प्लॉटच्या मागे लागलेलं असताना मी उतार निवडला. समोर दरी, आजूबाजूला सीताफळीची झुडपं, आणि वारा असा की कागदपत्रं हातातून उडाली. एक कागद सापडला नाही. महत्त्वाचा नसावा.

माझी बायको रेणुका पोस्टात असल्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचा पत्ता लागतो. गाडीवरून उतरल्यावर तिने विचारलं की प्लॉट नेमका कुठे आहे. मी बोट वर केलं. ती बराच वेळ वर बघत राहिली, मग म्हणाली की मला वाटलं तुम्ही घार दाखवताय.

हे सगळं आईसाठी आहे. बाबा गेल्यापासून आई धाकट्या गोकुळकडे, मेहकरकडच्या आमच्या गावी. मी मोठा. लोक बोलत नाहीत, पण मनात म्हणत असतीलच. दर दिवाळीला मी आईला म्हणतो, चिखलीला आमच्याकडे चल. ती म्हणते, ‘भाड्याच्या घरात मी नाई येत बाप्पा. तुहं सोताचं होऊ दे, मंग पाहू.’ आमच्या आईच्या तोंडी ‘मंग पाहू’ म्हणजे होकार. पुढची दिवाळी आईसोबत नव्या घरात.

रविवार, १९ जानेवारी
गावी जाऊन आलो. बातमी दिली. गोकुळ म्हणाला, ‘दादा, खाली जागा नव्हती काय?’ हा मत्सर. दुर्लक्ष केलं.

आईला विचारलं, घरात काय काय पाहिजे. ती आधी टाळत होती. मीच वही काढून बसलो. मग म्हणाली की बिनाअंगनाच्या घरात माहा जीव नाई रमत. लिहून घेतलं. अट क्र. १, अंगण.

उतारावर अंगण अवघड, असं सामान्य माणसाला वाटेल. मी बसमध्येच उत्तर काढलं. एक मोठं अंगण करण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची तीन छोटी अंगणं. आईने एक मागितलं, तिला तीन मिळतील.

रविवार, २६ जानेवारी. दुपारी
झेंडावंदन उरकून प्लॉटवर. हर्षलला बोलावलं होतं. माझा माजी विद्यार्थी, आता सिव्हिल इंजिनिअर. त्याने रस्त्यावरच गाडी लावली, वर पाहिलं आणि हेल्मेट काढलंच नाही. म्हणे आधी खालून माती अडवणारी मोठी रिटेनिंग वॉल, मग खोदाई, मग पाण्याचा निचरा, आणि हे सगळं झाल्यावर घर. शेवटी म्हणाला, ‘सर, माहं ऐका, दुसरा प्लॉट पाहा.’

नववीतही हा उदाहरण अर्ध्यात सोडायचा. प्लॅन मीच काढणार आहे. बावीस वर्षं गणित शिकवतोय, एक घर नाही काढता येणार? शाळेतून आलेखाचे कागद आणले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
कामात असल्यामुळे लिहिलं नाही. काम उद्यापासून.

रविवार, ९ फेब्रुवारी
प्लॅन पूर्ण. देखणा आहे. खाली पार्किंग, मग पायऱ्या, अंगण एक, पायऱ्या, हॉल, पायऱ्या, अंगण दोन, पायऱ्या, स्वयंपाकघर. बेडरूम त्याच्या वर. अंगण तीन कुठे आहे ते नंतर ठरेल.

पूनमने प्लॅन पाहिला आणि विचारलं की बाबा, हा घराचा आहे का गडाचा. अकरावीत आहे, मान वर करून बोलते. रेणुकाने विचारलं की गॅस सिलिंडर स्वयंपाकघरात कोण चढवणार. मी म्हणालो, कप्पी लावू. तिने विचारलं, आणि आईंना? मी विषय बदलला, पण कल्पना वाईट नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आईचा फोन. म्हणजे मीच केला. पायऱ्यांचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘माह्यानं दोन पायऱ्या चढनं नाई होत रे. माहे गुडघे पाह्यले ना तुनं?’ आवाजात एकदम हुशारी आली होती. घराच्या विषयात रस घेतेय म्हणायची.

अट क्र. २, गुडघे.

रविवार, १६ फेब्रुवारी
कप्पीची चाचणी. सीताफळीची झाडं बारीक, म्हणून वरच्या कडुलिंबाला दोर बांधला. दोराला प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत आईच्या ऐवजी गव्हाचं पोतं. ओढलं. खुर्ची वर आली, पोतं आलं नाही.

तत्त्व सिद्ध झालं. खुर्चीला हात पाहिजेत.

गहू गोळा करायला पूनम आणि रेणुका. मला मदत करता आली नाही, तळहात सोलले होते.

रविवार, २३ फेब्रुवारी
हा दिवस लक्षात राहील!

टेप लावून प्लॉट मोजला. खाली रस्त्याच्या कडेला पूनमने टोक धरलं, मी टेप घेऊन वर चढत गेलो. कागदावर लिहिलेल्या लांबीपर्यंत आलो तर पुढे नुसतं गवत! पूनमला दोनदा विचारलं, टोक नीट धरलंय ना. धरलं होतं. वर कोपऱ्यातली जुनी खूण दिसेपर्यंत चांगली एक खोली बसेल एवढी जागा जास्त निघाली. विकणाऱ्याला पत्ताच नाही. कुणाला बोलायचं नाही, असं पूनमला बजावलं. तिने का म्हणून विचारलं. व्यवहार तिला कळत नाही.

त्या जागेवर आईची खोली. सगळ्यात वर, सगळ्यात हवेशीर. खिडकीतून खालचा अख्खा मोताळा तालुका दिसेल. आई देवाला हात जोडेल तेव्हा समोर नुसता डोंगर. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता.

रविवार, ९ मार्च
पहिलं काम आईच्या खोलीचं. आधी पाया, मग घर, असं सगळे करतात. मी वरून खाली येणार. दोन गवंडी आणि दगड आणले. वरच्या हद्दीला भिंत सुरू. हर्षलला फोटो पाठवला. त्याने उत्तरादाखल हात जोडले आहेत. भारावलेला दिसतो.

रविवार, १६ मार्च
भिंत कमरेइतकी झाली. वरच्या प्लॉटचे मालक भेटायला आले. नागसेन इंगळे, कृषी खात्यात अधिकारी आहेत. अत्यंत सभ्य गृहस्थ. आधी भिंतीला हात लावून पाहिला, खूप कौतुक केलं. मग म्हणाले, ‘सर, भिंत लय झ्याक बांधून राह्यले तुम्ही. पन माह्या प्लॉटमंदी काऊन?’

मी त्यांना टेपची लांबी सांगितली. ते म्हणाले की मोजणी खात्याचा नकाशा उतार धरून मोजत नाही, जमीन सपाट आहे असं समजून मोजतो. आणि ती जुनी खूण? ती त्यांच्या प्लॉटमधल्या जुन्या बांधाची. त्यांच्याकडे नकाशा होता. तो उडालासुद्धा नाही.

घरी आल्यावर रेणुकाला सांगायला नको होतं. ती पोळ्या करत होती. तिने परातीतल्या पिठात बोटाने एक काटकोन त्रिकोण काढला आणि विचारलं की अहो, कर्ण पायापेक्षा मोठा असतो ना? नववीला तुम्हीच शिकवता ना हे? मी म्हणालो, पुस्तकातल्या त्रिकोणावर गवत नसतं. पूनम पाणी प्यायला म्हणून उठून गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ खोकत होती.

नागसेनसाहेब मोठ्या मनाचे. म्हणाले की भिंत पाडू नका, माझी माती अडेल. म्हणजे परिसरातलं पहिलं मृदसंधारण माझ्या हातून झालं.

आईची खोली तात्पुरती पार्किंगमध्ये.

सोमवार, २४ मार्च
आईला फोन. खोली खाली आणल्याचं सांगितलं, आता एकही पायरी नाही. मला वाटलं खूश होईल. ती मग म्हणाली, ‘तिकडं अस्वलं हायेत म्हनते ना रे?’

अट क्र. ३, अस्वल. नागसेनसाहेबांना विचारलं. म्हणाले, येतात कधीमधी सीताफळाच्या दिवसांत. म्हणजे बारमाही नाहीत. आईला फोन करून निश्चिंत केलं. ती म्हणाली, बरं.

फाटक लोखंडी करावं.

शनिवार, १२ एप्रिल. रात्री
भूमिपूजन झालं. नीट लिहितो, कारण लोक चुकीचं सांगणार आहेत.

हनुमान जयंतीचा मुहूर्त माझाच. मारुतीला नवस होता, म्हणून पंगत रोडग्यांची. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गव्हाचे गोल रोडगे, वरण, वांग्याची भाजी. आर रस्त्याच्या कडेला लावा, असं सगळे म्हणत होते. मी म्हणालो, प्लॉट माझा, आर प्लॉटवरच. वरच्या बाजूला थोडी सपाटी केली होती.

आई आली. पहिल्यांदा! गोकुळ जीप घेऊन आला. आईने खालूनच वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, ‘मी इथीच बसतो.’ तिच्यासाठी रस्त्यावर खुर्ची टाकली. तीच प्लास्टिकची.

पूजा छान झाली. नारळ फोडला, अर्धा हातात राहिला. मग पंगत. माणसं उतारावर ओळीने बसवली, पाय खाली सोडून. पत्रावळी मांडल्या. वरण वाढलं, आणि वरच्या ओळीचं वरण खालच्या ओळीच्या पाठीवर गेलं. ते लोक उठले. उठल्यामुळे पत्रावळी सुटल्या. तेवढ्यात आराजवळ कुणाचा तरी, बहुतेक माझाच, टोपल्याला पाय लागला.

शंभरेक रोडगे एकदम निघाले. रोडगा इतका गोल असतो हे आजवर लक्षात आलं नव्हतं. गुरुजी बाजूला झाले. हर्षल दोन धरून होता, त्याला तिसरा लागला. पुढचे सगळे टणाटण उड्या मारत रस्त्यावर. समोरून शेळ्या चालल्या होत्या.

आणि खाली आई. खुर्चीत बसून पदर पसरून आलेले रोडगे झेलत होती आणि हसत होती. इतकी हसली की गोकुळने तिला पाणी दिलं. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला एवढं बरं वाटलं की वरणाचं काहीच वाटलं नाही. जागा तिला पसंत आहे यात आता शंका उरली नाही.

लोक रस्त्यावर बसून जेवले. उरलेले रोडगे नागसेनसाहेबांच्या भिंतीवर ठेवले होते, ते वानरांनी नेले.

रविवार, १३ एप्रिल
रेणुका सकाळी म्हणाली की आईंना यायचं नाहीये, काल मला स्पष्ट बोलल्या, तुम्ही आता थांबा. मी विचारलं, अट काय आहे? ती म्हणाली की अट नाही, यायचं नाही एवढंच. मी म्हणालो, काहीतरी असेल, तिने नीट सांगितलं नसेल. रेणुका म्हणाली की मग तुम्हीच जाऊन विचारा, पण वही नेऊ नका.

परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आहेत. सुट्टी लागली की जाऊ.

सोमवार, ५ मे
सकाळच्या पहिल्या गाडीने गावी. वही नेली नाही. प्लॅनची गुंडाळी नेली, ती वहीत मोडत नाही.

आई ओट्यावर केस विंचरत होती. मी विचारलं, आई, आता एकच सांग, शेवटची अट काय? मी सगळं करतो.

आईने फणी बाजूला ठेवली. म्हणाली, ‘अट कायची रे बाप्पा? तुले तोंडावर नाई म्हनाले माहा जीव धजे ना, म्हनून एकेक सांगत गेली. मले वाटे, हे आयकून तरी थांबशीन. तू लिहूनच घेत गेला.’

मी म्हणालो, पण का? गोकुळच्या घरात असं काय आहे? हे जरा मोठ्याने बोललो. ती म्हणाली, ‘तुह्या घराले सकाळी नवाले कुलूप लागते. तू शाळेत, रेणुका पोस्टात, पोरगी कालेजात. मी दिसभर कोनाशी बोलू? तुहं घर चांगलंच होईन रे. पन इथं मले भांडाले चार जनी हायेत.’ मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली की तू येत जा ना, मले बरं वाटते. पन घराचं नको सांगत जाऊ.

मी प्लॅन खाटेखाली सरकवला. ठीक आहे, म्हटलं, बसतो. बसलो. बोलायला विषय सुचेना. एवढी वर्षं मी आईशी घराखेरीज काय बोलत होतो ते आठवेना. फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने आईने विचारलं की पोट दुखते काय रे.

तेवढ्यात शेजारच्या रुख्मिणीकाकूंची हाक आली. त्यांच्या अंगणात कुरड्या घालायच्या होत्या, चीक शिजला होता. आई उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, पण झपाट्याने. म्हणाली, ‘जाशीन तं दार लोटून जाय, कुत्रं येते.’

गोकुळ शेतात. त्याची बायको कुरड्यांना. घरात मी एकटा. पंखा लावला. लाइट गेली. कॅलेंडर वाचलं, दोन्ही बाजूंनी. रेणुकाला फोन केला, ती काउंटरवर होती. हर्षलने उचलला नाही. घड्याळात पाहिलं तर अजून अकरासुद्धा वाजले नव्हते.

शेवटी दार लोटलं आणि रुख्मिणीकाकूंच्या अंगणात गेलो. सात-आठ बायका, बाजेवर ओल्या कुरड्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. काकूंनी विचारलं, ‘जीवन, काऊन रे, काय झालं?’

मी म्हणालो, घरात एकट्याला करमेना.

सगळ्या बायका हसल्या. आई हसली नाही. तिने बाजूचं पातेलं उचललं आणि मला बसायला जागा करून दिली.