गट क्रमांक ११८ मध्ये शिल्लक राहिलेल्या मातीची व्यवस्था

मी, बन्सीधर दत्तराव पांगरकर, वय छप्पन्न, धंदा संस्कृत शिकवणे व रविवारी शेती, राहणार परभणी, मूळ गाव मौजे निळेगाव, तालुका पूर्णा, हे स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्त आहे. छातीत दोन स्टेंट बसवल्यापासून डॉक्टर जपून बोलू लागले आहेत, म्हणून वेळेत लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाखाली मी फार तर सही करतो, लिहीत नाही. ते पुढे येईलच.

१. पत्नी शिवकन्या तीन वर्षांपूर्वी वारली. अपत्य नाही. त्यामुळे माझ्यामागे सगळे आपलेच, असे धाकटा भाऊ महारुद्र धरून चालला आहे. त्याच्या माहितीसाठी हा कागद थोडा सविस्तर केला आहे.

२. परभणीचे दोन खोल्यांचे घर शिवकन्येच्या बहिणीस, बबितास, द्यावे. पुस्तके शाळेला. तेथे कोणी उघडेल अशी आशा नाही, पण वाळवीलाही अभिजात वाङ्मयाची गोडी लागलेली बरी.

३. आता शेत. वाटणीत मला गट क्रमांक ११८ मधले चार एकर आले, गाळाची काळी जमीन. अकरा वर्षे ती सुकेशनी नागेश वाव्हळ व तिचा नवरा बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतात. या अकरा वर्षांत आम्ही काडीकचरा कधी पेटवला नाही. दर उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या रानात बसवल्या, त्यांच्या लेंड्या-मुताने रान भरले. पहिल्या पावसानंतर मूठभर माती उचलली तर तीत गांडूळ हमखास असे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात मी उत्तरपत्रिका तपासत बसलो असता महारुद्र कागद घेऊन आला. "दादा, दक्षिणेकडच्या दोन एकराला लय चढउतार हाय. सपाटीकरण करून घेऊ. तुजी संमती पायजे." मी त्याच्या कागदातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि सही केली. मजकूर सुधारायचा राहिला.

चार दिवसांनी सुकेशनीचा फोन आला.

"गुरुजी, जेशीबी लागलंय. वरची माती टिप्परात भरून न्यायलेत. तुमी सांगितलंय का?"

मी म्हणालो, "सपाटीकरण आहे बाई. भाऊ उभा आहे ना तिथे? काम करू दे त्याला."

"माती गावाभाईर जायलीय गुरुजी."

मी तिला रागावलो आणि फोन ठेवला. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली.

दोन फूट माती गेली. खाली पांढरा चुनखडी मुरूम उघडा पडला. जुलैत सोयाबीन उगवले तेच पिवळे. माती वीटभट्टीवर गेली आणि विटा महारुद्राच्या नव्या घराला लागल्या. त्या घराच्या वास्तुशांतीला मंत्र मी म्हटले, धोतर नेसून, खणखणीत. जेवणाच्या पंगतीत भट्टीवाला कौतुकाने म्हणाला, "गुरुजी, तुमच्या मातीची वीट लय गुळगुळीत पडली." माती कुठे गेली, हे मला तेव्हा कळले.

भावाला विचारले. तो म्हणाला, "खाली माती हाय की, दादा. जमीन कुटं पळून गेली?" त्याच्या स्वतःच्या चार एकरांतली एक पाटीसुद्धा माती हललेली नाही, हे येथे नमूद करतो.

४. खरवडलेले दोन एकर महारुद्रास द्यावेत. त्याने जे शिल्लक ठेवले, ते त्याचेच.

५. उत्तरेकडचे धड दोन एकर सुकेशनीस मालकी हक्काने द्यावेत. भट्टीवाले ते पावलांनी मोजून गेले आहेत, असे ऐकतो. तेथून कोणत्याही नावाखाली माती बाहेर जाऊ नये. सपाटीकरण, सुधारणा, विकास हे शब्द दिसले तर कागद वकिलाला दाखवून मगच सही करावी.

६. हा कच्चा मजकूर गेल्या रविवारी सुकेशनीला रानात वाचून दाखवला. ती ज्वारी काढत होती. विळा खाली न ठेवता तिने ऐकले.

"मंजी खरवडलेलं देऊन तुमी भावाला शिक्षा करायलात व्हय?"

"होय."

"शिक्षा जमिनीला व्हायलीय. त्यो काय तिथं पेरणार हाय? खालचा मुरूम बी इकून टाकील. मंग नुसता खड्डा राहील."

"मग काय करू?"

"ते बी माज्याच नावानं करा. पर चांगल्यातली माती तिकडं वढायची न्हाई, आदीच सांगते. तळ्यातला गाळ आणू, ताग पेरून गाडू, मेंढरं बसवू. सात-आठ वर्सं लागतील."

"तेवढी वर्षे मी असेन असे वाटत नाही."

"तुमचं काय काम हाय त्यात?"

सबब कलम ४ रद्द. चारही एकर सुकेशनीस. महारुद्रास या मिळकतीतून काही देत नाही. त्याने आपल्या हाताने घेतले आहे.

७. माझी राख त्या खरवडलेल्या दोन एकरांत पसरावी, असे मी लिहिले होते. लिहिताना मला गहिवरूनही आले होते. सुकेशनी म्हणाली, "राख नगा टाकू गुरुजी. चुनखड रान हाय, आनकी बिघडंल." कृषी विद्यापीठात विचारले, तिचेच बरोबर निघाले. म्हणून राख गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडावी. तेराव्याचे जेवण घालू नये. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत, मावेल तितके, त्या रानात टाकावे. मंत्र म्हणू नयेत. ते मी चुकीच्या ठिकाणी म्हणून बसलो आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझे शाळेतील सहकारी गोपाळ चंद्रभान लोखंडे यांच्याकडे सोपवतो.

सही: बन्सीधर दत्तराव पांगरकर

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून सही केली:
१) गोपाळ चंद्रभान लोखंडे, शिक्षक, परभणी
२) कुसुमबाई महादेव ढगे, शेजारी, परभणी

स्थळ: परभणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५