टाळूवरचा डाग

बजाजनगर, ३ डिसेंबर
भागू, गुडघे कसे आहेत? शेजारच्या श्रेयाचा ताप उतरला का? तिच्या आजीला, आशाबाईंना, ऑपरेशननंतर दिसायला लागलं? म्हैस सुखरूप व्याली ना? तुला फोनवर धड ऐकू येत नाय, म्हणून रोज चार ओळी लिहायच्या आणि पानं लासूरला टपालानं धाडायची, असं ठरवलंय.

मी मजेत पोचलो. तुझा इंद्रजीत स्टँडवर घ्यायला आला. माझी पिशवी हिसकावून म्हणाला, मामा, राखण तुम्ही माझी करायची का मी तुमची? किडनी बसवल्यापासून तो घरीच, सूनबाई मंजुषा दिवसभर कंपनीत, म्हणून त्याच्याजवळ मी. तू दिलेली किडनी पोरगा जिवापाड जपतो. किडनीची गोळी घेताना आधी कपाळाला लावतो. म्हणतो, ही आईची ठेव आहे.

६ डिसेंबर
इंद्रजीतच्या घोट्याजवळ जांभूळ चिरडल्यासारखा डाग दिसला. दुखत नाय, खाजत नाय, दाबला तरी फिका पडत नाय. बूट लागला असेल, म्हणाला. मला वाटलं, आत काटा मोडलाय. शहागंजातून बिब्बे आणले, सुईवर धरून दिव्यावर तापवले, तेल सुटल्यावर चटका दिला. मंजुषा चिडवते, मामांनी दवाखाना टाकला, आता पाटी तेवढी रंगवा. लई हसलो.

१३ डिसेंबर
पोटरीवर आणखी डाग. बिब्बा उतला, अंगावर फुटला, दुसरं काय! उतारा म्हणून खोबरं-तीळ चावून चोथा लावला. पण भागू, बिब्बा उतला की माणूस खाजवून हैराण होतं. हा निवांत बसून शेंगा खातो. हे मला खटकलं. तरी चोथा लावतच राहिलो.

२७ डिसेंबर
पाय सुजलाय. नाकाच्या शेंड्यावरही डाग. मंजुषा म्हणाली, दवाखान्यात दाखवू. मीच थांबवलं. बिब्ब्याचं कळलं तर डॉक्टर सगळ्यांना झापतील, चार दिवस थांबा म्हणालो. माझ्या पिकल्या केसांचा मान ठेवून तिनं ऐकलं. तुला म्हशीची चौकशी असलेली पानं धाडली. ही डागांची नाय धाडली.

५ जानेवारी
आज घास गिळताना त्याला टाळूला काहीतरी लागलं. आ कर म्हणालो, बॅटरी धरली. टाळूवर जांभळी गाठ, ओली, द्राक्षाएवढी. 
तोंडात बिब्बा कुणी लावला?

७ जानेवारी
त्वचेच्या डॉक्टर सगीराबाई. डाग दाबून पाहिले, तोंड पाहिलं, पायावरच्या डागाचा बारीक तुकडा तपासायला काढला, छातीचा फोटो सांगितला. मी बिब्ब्याचं कबूल केलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चचा, ये बिब्बा नहीं है. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी
कपोसी सार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग. अंगात एक विषाणू गुपचूप पडून असतो. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्या अंगाची ताकद दाबून ठेवतात, तेव्हा तो उठतो. एचआयव्ही असला तरी हा होतो, म्हणून ते रक्तही तपासलं, ते नाय. डॉक्टर म्हणाल्या, जुन्या गोळ्या बंद करून दुसऱ्या देऊ. नुसत्या तेवढ्यानंही पुष्कळदा डाग ओसरतात. पण नवीन किडनी रुसू शकते. गेलीच तर डायलिसिस आहे, जीव राहील. डाग हटले नाहीत तर केमोची इंजेक्शनं.
लवकर आणायला हवं होतं, म्हणाल्या. मंजुषानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाय.

३० जानेवारी
नवीन गोळ्या चालू. डाग वाढतायत. पापणीवर एक. डॉक्टरांना कोडं पडलंय. छातीतही डाग असावेत, असं म्हणतात. माझ्या बोटांना बिब्ब्याचा काळा रंग अजून आहे. साबण, लिंबू, राख — निघत नाय. त्याला पाणी द्यायलाही हात पुढं होत नाय.

६ फेब्रुवारी
त्याचे बूट उन्हात ठेवायला गेलो. आत जुन्या गोळ्यांची पाकिटं. अर्धी रिकामी.
नवीन गोळ्या तो फेकतो. जुन्याच घेतो.
मी ओरडलो. तो हसला, हिरड्या जांभळ्या. म्हणाला, मामा, आईनं पोट चिरून दिलीय, ती मी घालवू? आईला सांगाल तर माझी शपथ.
मंजुषा रडली, पाया पडली. तिचंही ऐकत नाय. नवीनच गोळ्या घेतो, असं काल डॉक्टरांपुढंही खोटं बोलला होता.

९ फेब्रुवारी
खोकला. रुमालावर रक्त.
पाकिटं मी नाल्यात टाकली. त्यानं दुसरी आणली — कुठून कोण जाणे —
मी काय बोलणार त्याला. बिब्बा लावणाऱ्यानं —

११ फेब्रुवारी
शपथ मोडतोय. सगळी पानं धाडतोय, दडवलेलीसुद्धा. मला शिव्या दे, जन्मभर तोंड बघू नकोस, पण आधी त्याला लिही. तुझ्या हातानं लिही, की किडनी गेली तर जाऊ दे, मला पोरगा पाहिजे. तुझ्याशिवाय कुणाचं —
परत खोकतोय. थांबत नाय —
मंजुषा हाक मारतेय — टॉवेल —
भागू, लवकर लिही, आजच्या टपालानंच, त्याला एवढंच लिही की आईनं