उजव्या मनगटाचं कडं

सोमवार, ४
आलो एकदाचा! ट्रंक, बिछाना आणि हत्यारांची पेटी जिन्यावरून चढवताना कंबरेचा पार भुगा झाला, पण खोली झकास आहे. वर मी, खाली वर्कशॉप. खिडकीतून समोर शिंप्याचं दुकान आणि बसथांबा दिसतो. लेथ जुना असला तरी ठणठणीत आहे. फिरवून बघितला, जराही खेळ नाही.

मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. जहाज त्यांनी लांबूनही पाहिलं नसावं. त्यांच्या लहानपणी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची, तिच्यातल्या वैमानिकाच्या पोशाखाचं त्यांना वेड. मूळ पोशाख कधीच भंगारात गेला, म्हणून हे फोटोंवरून हुबेहूब करवून घेतात, तेही नुसता पत्रा वाकवून नाही, एकेक भाग लेथवर कातून. असे तीन तयार पोशाख पुढच्या दालनात स्टँडवर उभे आहेत. काम बघून मी चाट पडलो. चौथा मी करायचा. भेटल्यावर कॅप्टनांनी माझा हात हातात घेतला आणि मनगट बराच वेळ धरून ठेवलं. माणूस मायाळू दिसतो.

बायको आणि चिमणी रविवारी, २४ तारखेला येणार. तोवर चिमणीसाठी शाळा बघायची आहे. निघताना तिने पितळी कड्याचं कबूल करून घेतलंय, म्हणून व्हर्निअरने तिचं मनगट मोजलं: ४३.६० मि.मी. बायको म्हणाली, तुम्ही भाजीत मीठसुद्धा मायक्रॉनमध्ये घालाल. मापं मी नेहमी रोजनिशीतच टिपतो आणि वही हत्यारांच्या पेटीत ठेवतो. दुसरीकडे ठेवली की हमखास हरवते.

बुधवार, ६
पहिलं ड्रॉइंग मिळालं. उजव्या मनगटाचं कडं, अॅल्युमिनियमचं, आतला व्यास ६१.४०. रेघ अन् रेघ स्वच्छ. कोपऱ्यात तारीख मात्र गेल्या वर्षीची आहे. कॅप्टनांचा नियम एकच, ड्रॉइंग बरोबर आणि जॉब, म्हणजे कातलेला भाग, चूक. माप जुळलं नाही तर कागदाला दोष द्यायचा नाही. माझे उस्तादही हेच सांगायचे, त्यामुळे आमचं चांगलं जमणार.

चहा पिताना त्यांनी मालिकेची गोष्ट सांगितली. वैमानिकाने पोशाख एकदा चढवला की प्रवास संपेपर्यंत तो निघत नाही, आतल्या कुलपांची रचनाच तशी. शेवटी प्रवास संपतो का, असं मी विचारलं. ते म्हणाले, शेवट झालाच नाही, मालिका मधेच बंद पडली. एवढं बोलून त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

शनिवार, ९
आज माझा गाढवपणा झाला. उस्तादांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. कड्याला कुठे धार राहिली का, हे मनगटावर फिरवून बघायचं आणि गरम जॉब कधी मोजायचा नाही. कॅप्टन शेजारी उभे होते, त्यांना दाखवायची घाई झाली. पहिली गोष्ट पाळली, दुसरी विसरलो. लेथवरून उतरवलेलं गरम कडं मोजलं, हातात सरकवलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. कौतुक करून घेईपर्यंत ते गार झालं आणि आवळलं.

साबण झाला, तेल झालं, गरम पाणी झालं, मनगट लालबुंद झालं. कॅप्टन रागावले नाहीत. म्हणाले, कड्यातलं कुलूप बाहीच्या उलट्या आट्यांनीच सुटतं, तेव्हा बाही करा, ती फिरवून बसवा, कडं मोकळं होईल. बाहीचं ड्रॉइंग तयारच होतं. नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात असं हसं करून घेतलं, हे बायकोला कळता कामा नये.

सोमवार, ११
रविवारभर राबून बाही केली. फिरवून बसवली. आत खट्‌ झालं. कडं सुटलं नाही, उलट बाहीच अडकली. कॅप्टन शांतपणे म्हणाले, हिचं कुलूप कोपराच्या जोडाने सुटतं. मी जरा चढ्या आवाजात बोललो. त्यांनी कोपराचं ड्रॉइंग पुढे केलं.

बायकोला फोन लावायला गेलो तर जड हातातून मोबाइल लेथ गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत पडला. कॅप्टन म्हणाले, घरी मी कळवतो. त्यांना नंबर कुठून मिळाला? या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय.

मंगळवार, १२
हॅकसॉ घेतली. अॅल्युमिनियमच ते, पाच मिनिटांचं काम. पहिल्यांदा घासताच मी ओरडलो. पातं कातडीपर्यंत पोचलंच नव्हतं. मिलिमीटरभरही कापलं नव्हतं. दुखलं ते कड्यात. माझ्या हातात नाही, कड्यात.

नंतर ड्रॉइंग बघितलं. ६१.४० खोडून ६०.९० केलंय. मनगटावरचं कडं मोजलं. मी लेथला हात लावला नव्हता. तरी ६०.९०.

ड्रॉइंग बरोबर, जॉब चूक. आता जॉब मीच आहे. बोटं काळीनिळी पडली आहेत.

गुरुवार, १४
नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणून निघालो. बाही कापायला कुठलंही इस्पितळ चालेल. वाट दालनातून जाते. तिथले तीन पोशाख आज जवळून पाहिले. तिघांच्या शिरस्त्राणांच्या काचांवर नाकाच्या उंचीला वाफ धरलेली होती. मी पुसली. ती बाहेरून नव्हती.

दारापर्यंत पोचलो. उजव्या हाताने चौकट धरली. मी नाही, हाताने. डाव्या हाताने एकेक बोट सोडवायला गेलो, पण ती हलेनात. बस आली, थांबली, गेली. समोरचा शिंपी माझ्याकडे बघत होता. वाचवा म्हणून ओरडणार, तोच उजवा हात वर झाला आणि मजेत हलू लागला. शिंप्यानेही हसून हात हलवला. मग कॅप्टन आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आत नेलं. मी लहान पोरासारखा रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

शनिवार, १६
कोपर झाला. खट्‌. खांदा झाला. खट्‌.

मी नाही म्हणतो. उजवा हात लेथ सुरू करतो. मी जागचा हललो नाही तर कड्याचा आकडा कमी होतो. आज ६०.२०. इतकं सफाईदार काम मी जन्मात केलं नव्हतं.

सोमवार, १८
छातीची पाटी बसली. तिच्या पाठीमागे खाच आहे. तिचा उपयोग आज कळला. स्टँडवर अडकवायला. मला लेथसमोर स्टँडला बोल्टने आवळलंय. पाय जमिनीला लागतात एवढंच. डावा हात मोकळा आहे. पेटी हाताशी आहे. म्हणून वही आहे.

कॅप्टन म्हणाले, घरी बोलणं झालं, सगळे मजेत आहेत. बायकोने विचारलं म्हणे, जेवतात ना वेळेवर? ती रविवारची वाट बघणार नाही. शुक्रवारीच येतेय.

तिला येऊ नकोस, एवढंच कुणीतरी सांगा. माझं काय व्हायचं ते होवो—

बुधवार, २०
गळपट्टी. शिरस्त्राण. काच माझ्याच श्वासाने पांढरी होते. ओरडलो की आवाज माझ्याच कानांत फिरतो. कॅप्टन हाताच्या अंतरावर उभे होते, त्यांना ऐकू—

नवं ड्रॉइंग लावलंय. शाई ओली आहे. कडं. पितळ. आतला व्यास—

४३.६०

हे माप फक्त या वहीत होतं. ते ही वही वाचतात. रोज वाचत होते. मीच लिहून दिलं. मीच.

गुरुवार, २१
कड्याचा आतला व्यास मुद्दाम मोठा करायचा. ४५ च्या वर गेला की जॉब बाद. डाव्या हाताने हँडल ओढलं. सगळं अंग टाकलं. उजव्याने डावं मनगट धरलं, अलगद बाजूला ठेवलं. मग काततच राहिला. ४३.५८. ४३.५९. थांबला. उद्यासाठी शेवटचं कातणं राखून ठेवलं. म्हणजे कडं तेव्हा—

गरम असेल.

शुक्रवार, २२
बस थांबली. काचेतून, दालनाच्या उघड्या दारापलीकडचं धूसर दिसतंय. बायकोच्या हातात पिशव्या. चिमणी पुढे पळतेय. कॅप्टन दारात, वाकून तिच्याशी बोलताहेत. तिचं मनगट धरून—

लेथ थांबला. ४३.६०. कडं उजव्या हातात आहे.

चिमणे, मागे फिर. ओरडतोय मी. काच पांढरी झाली. ती मागे वळून बायकोला ओरडून सांगतेय, आई, बाबांनी बघ काय घातलंय!

उजवा हात तिला बोलावतोय. ती हसतेय. तिला वाटतं बाबा गंमत करताहेत. डाव्या हाताने ढकलतो तिला, वही टाकतो आणि ढकल— नाही, तिने आधीच हात पुढे