बेसमेंटचं दार

१२ नोव्हेंबर २०१७

रिटायर झालेल्या नवऱ्याचं करायचं काय? ह्यांनी आज बेसमेंटमधून तो जुना कमोडोर कॉम्प्युटर शोधून काढला. सुरुची लहान असताना घेतलेला. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून टीव्ही जोडायचा. मला वाटलं, एकदाचा भंगारात जाणार. कसलं काय! त्याच्यावर गेम बनवणार म्हणे. त्यात चित्रं नाहीत, मारामारी नाही, नुसते शब्द. पडद्यावर येतं, 'तू अंधाऱ्या खोलीत आहेस.' मग आपण हुकूम टाइप करायचा — 'घे दिवा', 'जा उत्तर'. म्हटलं, आजच्या काळात हे खेळणार कोण? "बघू," म्हणाले. ह्यांच्या 'बघू'पुढे माझं कधी काही चाललंय?

संध्याकाळी हॅलिफॅक्सहून सुरुचीचा फोन. मार्चमध्ये बाळ येणार. कॉन्ट्रॅक्टचा जॉब, रजा फार मिळणार नाही. "आई, कॅन यू कम फॉर अ इयर? प्लीज?"

वर्षभर! ह्यांना विचारलं, जाऊ का? टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तुझं तू ठरव."

१९ नोव्हेंबर

गेम तपासायला मला बसवलं. "मलाच का?" तर म्हणे, "तुला यातलं काही येत नाही म्हणून. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जे सुचणार नाही ते तू करशील." ही स्तुती की टोमणा, कळलं नाही.

ह्यांचा नियम असा की मी टाइप करायचं, हे मागे खुर्चीत बसणार आणि एक अक्षर सांगणार नाहीत. (ते तर ह्यांना छान जमतं.) खेळातलं घर आमचंच निघालं! ओटावाचा हिवाळा, फ्रीझिंग रेनमुळे वीज गेलेली, मी बाहेरून घरात येते. मी टाइप केलं, 'काढ बूट'. उत्तर आलं, 'समजलं नाही.' म्हणजे काय? बर्फाचे बूट घालून कार्पेटवर जाऊ? पुढे 'ठेव चहा' — 'समजलं नाही.' मग ह्या घरात समजतं तरी काय? मागे हे सगळं टिपून घेत होते. (तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. इथे मी आपल्या लिपीत लिहिते.)

२ डिसेंबर

आता बूट निघतात. चहाही होतो. पडद्यावर आलं, 'दोन कप चहा झाला.' दुसरा कप कोणाचा? ह्यांना विचारलं. पडद्याकडे बोट दाखवलं.

खेळात मी तो कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरले. मेणबत्ती लावली. समोर दार. 'दार आतून बंद आहे. आत खुर्ची करकरते.' 'उघड दार' — नाही. 'ठोक दार' — 'कोणी ऐकलं नाही.' 'दे चहा' — 'कोणाला?' डोकं फिरलं. मागे वळून म्हटलं, "अहो, हे दार उघडत नाही."

"काय गं?"

"दार! उघडत नाही."

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विचार कर."

१० डिसेंबर

आज परत विचारलं, जाऊ का हॅलिफॅक्सला? "तुझं तू ठरव." ह्यांना मी जायला हवीये की राहायला? एवढंच तर कळायला हवंय मला.

१७ डिसेंबर

हॅमिल्टनहून केनेथचा फोन. ह्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक क्लब आहे, त्यातला हा ह्यांचा दोस्त. मूळचा वसईचा, स्टील प्लांटमधून रिटायर झालाय. ह्यांनी गेम त्यालाही पाठवला होता.

"वहिनी, मिस्टरांचा गेम मोडलाय. शेवटचा डोर उघडतच नाय. आमच्या क्लबातल्या मराठीवाल्या सगळ्यांनी ट्राय केला. मी बोललो, प्रोग्रॅममधे बग हाय. तर हे बोलतात, बग नाय."

मला जरा बरं वाटलं. मी एकटीच ढ नाही तर! पण न उघडणारं दार करायचंच कशाला?

२८ डिसेंबर

बाहेर उणे अठ्ठावीस. आत हे वैतागलेले, कमोडोरची मेमरी संपली. जागा करायला गेममधलं गॅरेज काढून टाकलं, बर्फाचं फावडंही गेलं. म्हटलं, आता ड्राइव्हवे शोव्हल कोण करणार? हसले. किती दिवसांनी हसले!

"दाराआड जागा हवीये," म्हणाले. आहे काय दाराआड?

मूड बरा दिसला म्हणून हळूच म्हटलं, सुरुची वाट बघतेय. तर फणकारले, "मला कोणी बोलावलंय? वन बेडरूमचं घर त्यांचं. मी काय सोफ्यावर झोपू?" मी विचारलं एक, हे बोलले दुसरंच. नको असेल यायला. विषय सोडला.

१४ जानेवारी २०१८

संक्रांत. तिळगूळ दिला. "गोड बोला," म्हटलं, "निदान बोला तरी." वडी तोंडात टाकून हे बेसमेंटमध्ये.

दुपारी मीही खाली गेले. मला एकदम सुचलं, खुर्चीत बसलेल्या माणसाचं नाव विचारत असेल ते दार! आता आली का पंचाईत. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. त्यानंतर ह्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. फॉर्म भरायचे तेही ह्यांनीच. पण हॅलिफॅक्सचं उत्तर त्या दारामागे असेल असं का कोण जाणे वाटायला लागलंय. एकेक अक्षर शोधून टाइप केलं. बळवंत. कानशिलं तापली माझी, ह्या वयात!

'समजलं नाही.'

मागे वळले. हे पडद्याकडे बघत होते. "पहिल्यांदाच लिहिलंस," म्हणाले. मग म्हणाले, "पण हे नाही. हे केनेथलाही सुचलं होतं."

इतका राग आला! म्हटलं, "अहो, एवढं नाव लिहिलं तरी नाही?" तर वर "काय गं?" विचारतात. काही नाही, म्हटलं, आणि वर येऊन कणीक मळली.

२ फेब्रुवारी

ठरवलं. जाते. सुरुचीने तिकीट काढलं. ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. नुसतं बरं!

२४ फेब्रुवारी

डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, बाळाची झबली. बॅग माझ्याच्याने बंद होईना. हे आले, गुडघा टेकून बंद केली आणि तशीच पकडून बसून राहिले. वाटलं, आता काही बोलतील. म्हणाले, "वजन जास्त होईल." मी रडले ते ह्यांना दिसलं की नाही, माहीत नाही.

१० मार्च, हॅलिफॅक्स

मुलगी झाली परवा, आज घरी आणली! नाक ह्यांच्यासारखं. फोनवर सांगितलं, तर ह्यांनी वजन तेवढं विचारलं. मग मी विचारलं, "जेवलात का?" "हो." "काय?" "खिचडी." कालही खिचडीच होती.

प्रणवने, आमच्या जावयाने, तो गेम लॅपटॉपवर घालून दिला. ह्यांची ताजी प्रत केनेथने ईमेलने पाठवली होती. आता यात कमोडोर कसा चालतो ते मला समजणार नाही, पण चालतो खरा. बाळ झोपल्यावर बसले. बूट काढले, चहा ठेवला, दोन कप. आमचंच घर ते, डोळे भरून आले. परत तेच दार. आत खुर्ची करकरतेय. सवयीने मागे वळून म्हटलं, "अहो, हे अजून—"

मागे भिंत.

सुरुची आतून म्हणाली, "आई, हू आर यू टॉकिंग टू?"

११ मार्च

सकाळी टाइप केलं, 'अहो'.

दार उघडलं.

'काय गं? जाऊ नकोस. गेलीसच तर मलाही ने. सोफा चालेल.'

ह्या माणसाला एवढं बोलायला अख्खा कॉम्प्युटर लागला! आणि मी त्याच कॉम्प्युटरसमोर बसून ह्यांना नुसती तोंडाने हाक मारत होते. प्रणवला ह्यांचं तिकीट काढायला सांगितलं. सोफा उघडून चादर घातली.