समोरच्याचे संवाद

४ जून
मालिकेचे आजचे प्रसंग हाती आले तेव्हा कागद अजून कोमट होते. दोनदा वाचले आणि परत दिले. माझेच नव्हे, सासूचे, नवऱ्याचे, दोन्ही दिरांचे संवादही पाठ. सहायक दिग्दर्शक म्हणाला, "हिच्यापुढे झेरॉक्स मशीननं हात टेकले." चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कोणी लिहून दिले, की बोलते. शाळेत पहिली येत असे, तेव्हाही इतका अभिमान वाटला नव्हता.

७ जून
चित्रपट मिळाला! मोठ्या बाई, म्हणजे त्या नामवंत ज्येष्ठ अभिनेत्री, त्यांच्या मुलीची भूमिका. सकाळी मालिका, दुपारनंतर चित्रपट, असे ठरले आहे. आई हात पुसत बाहेर आली. "त्या बाईंची मुलगी? मग मी कोण आता?" दादा म्हणाला, "तू छोट्या पडद्याची आई. मोठ्या पडद्याला मोठी."

१५ जून
पहिला दिवस आणि फजिती. बाई बोलत असताना त्यांच्या शब्दांबरोबर माझे ओठ हलतात — मला ठाऊकच नव्हते. मालिकेत कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नसावे. येथे आम्ही दोघी समोरासमोर, एकाच चौकटीत. बाई अस्खलित बोलल्या, तरी माझ्यामुळे टेक वाया गेला. दिग्दर्शकांनी मला मॉनिटरवर दाखवले. "पाठांतराची स्पर्धा नाहीये ही, बाळ. असंच राहिलं, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."
घरी येईपर्यंत ओठ दातांखाली धरून ठेवले.

१६ जून
आरशासमोर बसून दादाला बाईंचे संवाद वाचायला लावले. त्याने लावलेला आवाज सर्दी झालेल्या रेड्याचा होता. जीभ टाळूला चिकटवून ठेवली, की ओठ थांबतात.

१८ जून
जमले. एकदाही हलले नाहीत. दिग्दर्शक म्हणाले, "हं, आता ऐकतेयस."
परंतु आज बाई अडखळल्या. पुन्हा घेतले, पुन्हा अडखळल्या. नंतर तर वाक्याच्या मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. चित्रीकरण लवकर आवरले. त्यांना बरे नसेल, असे सर्वांनी ठरवून टाकले.

१९ जून
बाईंनी आपल्या मेकअपच्या खोलीत बोलावले. दार लावून घेतले.
"पोरी, ओठ हलवायचं का बंद केलंस?"
"सर रागावले."
"मी त्यावरच चालले होते गं."
मग बराच वेळ केसांत अडकलेली पिन काढत राहिल्या. पाठ केलेले ऐनवेळी पुसले जाते म्हणे. औषध चालू आहे. बाहेर कळले, तर ही भूमिका जाईल आणि पुढे कोणी विचारणार नाही. मी कानात संवाद सांगणाऱ्या छोट्या यंत्राचे सुचवले. "ते लावलं, की युनिटभर बोभाटा," त्या म्हणाल्या.
ठीक आहे, असे म्हणून मी बाहेर आले. काय ठीक आहे? ओठ हलवले, तर माझी भूमिका जाते. न हलवले, तर त्यांची.

२० जून
मालिकेत आज प्रथमच वाक्य विसरले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

२२ जून
आईने मुलीला घराबाहेर काढण्याचा प्रसंग. मी ठरवून ओठ हलवले, प्रत्येक शब्दाला. बाई अशा बोलल्या, की दिवे सांभाळणारे काका डोळे पुसताना दिसले. 'कट' झाल्यावर दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "पुन्हा तेच? उद्यापासून येऊ नकोस."
कारण सांगितले नाही. सांगणारही नाही. आईसमोर थोडी रडले. तरीही आत कोठेतरी मान ताठ आहे. ते बोलणे आज झाले, कारण मी समोर होते.

२३ जून
दुपारी सहायकाचा फोन — "ताबडतोब ये." पोहोचले तोवर बाईंनी साऱ्या युनिटसमोर सांगून टाकले होते, "मला संवाद आठवत नाहीत. ती पोर सांगते, मी बोलते. काढायचं तर दोघींना काढा."
दिग्दर्शकांनी कॅमेऱ्याला चिकटून माझ्यासाठी एक स्टूल ठेवले. आज बाईंचे एकटीचे क्लोजअप घेतले. मी स्टुलावरून शब्दाशब्दाला ओठ हलवले, पण एकाही चौकटीत नव्हते. असे काम मी यापूर्वी केलेले नाही.