बोहनीचा भागीदार

अहो,

भात कुकरमध्ये आहे, वरण तेवढं गरम करून घ्या. मी गोल बाजारात दुसऱ्या शिलाई मशीनचा भाव पाहून येते. चिडू नका, आधी वाचा.

शिलाईचं दुकान तोट्यात आहे, बंद कर, म्हणता तुम्ही. पण गिऱ्हाईकं तर रोज येऊन राहिली, मग पैसा जाते कुठं, याचं मले भारी नवल वाटे. मोबाईलवर हिशेब शिकली, तेव्हा सापडलं. सकाळची बोहनी, पहिल्या गिऱ्हाईकाचे पैसे, तुम्ही देवापुढच्या डब्यात टाकता अन् कमाईत धरतच नाही! महिनाभर मी धरून पाहिली. दुकान फायद्यात आहे.

डब्याले मी हात लावला नाही. पण देव आपला भागीदारच झाला की. दुकान बंद करायचंच असेल, तर आधी त्याले विचारा.

विनोदिनी