गुरुवारचं निळं कापड

फुंशाल, ४ मार्च

चि. फिर्मीनो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जहाजासकट मालाची सगळी जहाजं फुंशाल सोडून कनिसालच्या बंदराकडे गेली त्याला पाच महिने झाले, पण आईला ते सांगायचा मला धीर होत नाही. घरी सगळं ठीक असल्याची खूण म्हणून तुझ्यासाठी दर गुरुवारी ती अजून गच्चीवर निळं टेबलक्लॉथ टांगते. खाली दिसेल ते जहाज तुझं. काल पर्यटकांचं दहा मजली जहाज पाहून म्हणाली, फिर्मीनोच्या मालकाचं बरं चाललंय. मग गव्हाचं सूप गरम करत बसली. संध्याकाळी विचारलं, खाली बंदरात येऊनही वर येत नाही, माझ्यावर रागावलाय का तो?

तूच सांग काय करू. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई,
लुदोविना


लिस्बन, १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कांदे चिरताना वाचलं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मी आणि आईवर रागावेन? तिला खरं सांगून टाक. कनिसालला जहाज चार तास थांबतं आणि स्वयंपाक्याला कप्तान सोडत नाही. तिच्या सुपाची फार आठवण येते गं.

आईला सा. न. माया कमी करू नकोस.

तुझा,
फिर्मीनो


फुंशाल, १८ मार्च

चि. फिर्मीनो यास,
अनेक आशीर्वाद.

कप्तान सोडणार होता तर कळवायचं नाही का, शहाण्या?

काल सकाळी आईला खरं सांगितलं. तिने काळे बूट चढवले, कापड पिशवीत घातलं आणि म्हणाली, चल कनिसालला. बसने दीड तास. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, स्वयंपाकी आईला भेटायला टॅक्सीने फुंशालला गेलाय. आई इतकी हसली की तोही हसायला लागला. मी म्हटलं, इथेच थांबू. पण तू उपाशी असशील म्हणून तिने कापड कुंपणाला बांधलं आणि मला ओढत परत आणलं.

तू निघून गेला होतास. कुंडीखालची किल्ली तुला आठवली आणि सूप पिऊन गेलास, एवढं बरं झालं. आई खूप वेळ मोरीपाशी उभी होती. मग म्हणाली, रागावलेला माणूस वाडगा धुऊन ठेवत नाही.

पुढच्या गुरुवारी तू जहाजावरून हलू नकोस. आम्ही फाटकावर येतो. लोभ असू दे, आणि पायांना जरा आवर.

तुझी ताई,
लुदोविना

ता. क. तू पालथा घातलेला वाडगा अजून तसाच आहे. आई मला हात लावू देत नाही.